एका कोयत्याचे वीस दम

केदारनाथच्या डोक्यात जादू शिरली आणि तिथनं माणुसकी उठून गेली.

केजच्या बाजारात त्याच्या बापाचं कापडाचं दुकान. दुकानाच्या माळ्यावर दर रविवारी दुपारी चौघं जमायचे आणि केदारनाथनं रचलेला खेळ खेळायचे. ज्यानं त्यानं एक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे, संकटातनं वाट काढायची. गोष्ट सांगणारा सूत्रधार केदारनाथ. तो जुन्या फिरत्या खुर्चीवर, बाकीचे कापडाच्या गाठोड्यांवर.

"आपली जादू म्हणजे थापा न्हाईत," तो सांगायचा. "लॉजिक हाय. जादूला दम लागतो. दर देही रोजचे दहा दम. उसना मिळत न्हाई, साठवता येत न्हाई."

चौघांतल्या करिष्माला हे पटायचं. तिचा राग खुर्चीवर होता. दोन महिने खपून तिनं वहीत स्वतःची एक गोष्ट लिहिली होती, उसाच्या फडात घडणारी. तिला ती खेळवायची होती. केदारनाथनं दोन पानं चाळून वही फेकली.

"फडात कसली आलीय जादू? तिथं पाचट असतंय."

ह्या गड्यानं जन्मात पाचटाला, उसाच्या वाळल्या पाल्याला, हात लावला नव्हता. करिष्मा सहा हंगाम आई-बापासंगं फडावर राहिलेली.

"मग सूत्रधार बदलायचा कसा?" तिनं विचारलं.

"खेळातल्या किल्ल्याच्या तटाचा दरवाजा उघडा, नियमानं. उघडंल त्याची खुर्ची."

दरवाजावरची शिळा उचलायला वीस दम लागत, एका पाळीत, एकाच पात्राचे. म्हणजे दरवाजा उघडणारच नव्हता. केदारनाथचं लॉजिक हे असं, बुडाखालची खुर्ची धरून बसलेलं.

पुढच्याच रविवारी करिष्माचं जुनं पात्र विहिरीत पडून मेलं. तिनं नवं मांडलं. "ऊसतोडीचा एक कोयता. म्हाळू आन मनकर्णा, नवरा-बायको."

केदारनाथ खुर्चीत गर्रकन फिरला. ऊसतोडीत जोडप्याला कोयता म्हणतात, हे बीड जिल्ह्यात शेंबड्या पोराला ठाऊक. मुकादम दोघांना एकच धरतो. ह्यानंही धरलं.

"एक कोयता, एक पात्र. पाळी एक. भाकरही रोजची एकच."

"चालतंय. कागदावर लिही आन सही कर."

त्यानं झोकात सही ठोकली.

तीन रविवार म्हाळू-मनकर्णा अर्ध्या अर्ध्या भाकरीवर चालले. मांजरसुंब्याला जीप चालवणारा रामेश्वर खिदळायचा, "म्हाळूची काडी झाली बे! फुंकर मारू नका कुणी."

चौथ्या रविवारी सगळे तटाशी पोचले. रामेश्वरचे दहा दम शिळेवर वाया गेले. केदारनाथची चुलतबहीण ईश्वरी, तिचेही गेले. केदारनाथनं पाय लांब केले.

"माझी पाळी," करिष्मा म्हणाली. "शिळा उचलते. वीस दम."

"एका पात्राला दहाच असत्यात!"

"नियम वाच."

ईश्वरीनं त्याच्या हातातनं नियमांची वही हिसकावली. "दर देही दहा दम. दर पात्री न्हाई लिहिलेलं, दादा."

"पण कोयता एकच धरलाय की आपण!"

"पाळीला एक, भाकरीला एक. तूच धरलास," करिष्मा म्हणाली. "देह किती? का मनकर्णा म्हाळूच्या खिशात राहती?"

केदारनाथनं स्वतःची सही उलटीसुलटी करून पाहिली. ती त्याचीच होती.

"ह्याला लॉजिक न्हाई," तो पुटपुटला.

"न्हाईच. राबायला दोघं, मोजायला एक. आमच्या घरात सहा हंगाम हेच चाललंय. तवा कुणी लॉजिक इचारलं न्हाई."

मग रामेश्वरनं खुर्ची मागनं तिरपी केली आणि केदारनाथ कापडाच्या ताग्यासारखा खाली घरंगळला.

करिष्मा खुर्चीत बसली. पेन घेऊन नियमांच्या वहीच्या पहिल्याच ओळीत तिनं लिहिलं, 'जेवढे देह, तेवढी पात्रं.'

"अगं, तुझीच जादू गेली की!" ईश्वरी ओरडली. "आता कुणालाच वीस दम जमायचे न्हाईत."

"जाऊ दे. दरवाजा उघडलाय. आता म्हाळूला एक भाकर आन मनकर्णेला एक." तिनं आपली फडाची वही काढली. "केदारनाथ, गाठोड्यावर सरक. तू फडावरचा नवा गडी. काम, पाचट उचलायचं."

"दम किती लागतो?"

"रोजचे अकरा."