वाघोबाला कुलूप

"नाव कशाला लिहायचं? तू वळखत नाय मला?"

जेठीने असं विचारलं तसा लोखंडी फाटकापलीकडे उभा असलेला एकनाथ पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागला. एकनाथ म्हणजे तिचा धाकटा दीर. तिच्या लग्नात तो चड्डीत हिंडत होता, नाक पुसायचीही अक्कल नव्हती. आता पन्नाशी उलटलेली, अंगात साहेबांनी दिलेला खाकी शर्ट, खिशाला पेन आणि हातात जाड पुठ्ठ्याची वही.

"वळखतो ना वयनी. पन साहेबांनी सांगितलाय, आत येनाऱ्या पाव्हन्याचं नाव, गाव, येन्याचं कारन, सगळा लिहायचा."

"पाव्हनी? मी?" जेठीने मागे वळून बायांकडे बघितलं. "ऐकलंत का गो? आपन पाव्हन्या झालो. लिही मेल्या, लिही. कारन लिही, बाई आपल्या वाटेनं चाललीय."

बाया हसल्या, पण जपून. जेठी धरून सहा जणी होत्या. प्रत्येकीच्या कमरेला विळा, डोक्यावर कपड्याची चुंबळ. जेठीच्या हातात नारळ, शेंदराची पुडी आणि पळसाच्या पानात बांधलेली नव्या भाताची मूठ. आज वाघबारस होती.

तुंगारेश्वरच्या डोंगराखाली बेहडपाडा आहे, तिथली ही माणसं. पाड्यातून डोंगरावर जायला एकच सरळ वाट, आणि त्या वाटेवर बेहड्याच्या झाडाखाली वाघोबाचा उभा दगड. गवत पिवळं पडायला लागलं तरी वाघबारशीला वाघोबापुढे नव्या भाताची मूठ ठेवल्याशिवाय कोणी विळा लावत नाही. मग दोन महिने भारेच भारे. वसईच्या तबेल्यांतल्या म्हशी हेच गवत खातात आणि बेहडपाडा त्यावर अर्धं वर्ष काढतो.

दोन वर्षांपूर्वी पायथ्याची जमीन विकली गेली. कोणी विकली, कशी विकली, हे पाड्यात कोणालाच नीट कळलं नाही. आधी तार आली, मग भिंत आली, आणि गेल्या महिन्यात पुढे एक आणि डोंगराच्या अंगाला एक अशी दोन फाटकं बसली. वाट मधोमध अडकली. वाघोबाही आत अडकला. फाटक बंद असलं की दगडखाणीवरून वळसा घालायचा, तासाभराचा. डोक्यावर मणभर गवत घेऊन तासभर जास्त चालणं म्हणजे काय, ते ज्याने चालून बघितलंय त्यालाच विचारावं.

"लिही ना गो नाव," रुक्मिणी हळूच म्हणाली. ती जेठीच्या शेजारची, लेकुरवाळी. "काय जातंय आपलं? दुपारला तबेलेवाल्या युजीनचा टेम्पो यायचाय. भारे नाय झाले तर तो काय थांबनार नाय."

"आज नाव लिहिलं तर उद्या इचारून यावं लागंल. परवा तो नको म्हनंल. मग काय करशील?" जेठी फाटकासमोर मांडी घालून बसली. "साहेब येऊ दे."

बसली ती बसलीच. जेठीचं हे जुनं आहे.

एकोणीस वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. पहिला मुलगा पोटात, डोक्यावर गवताचा भारा, आणि वाघोबाच्या दगडापाशी वाटेत ऐसपैस बिबट्या बसलेला. पळावं तर पोट जड. भारा टाकावा तर वाकावं लागतं, आणि जनावरापुढे वाकायचं नसतं, हे तिला बापाने शिकवलेलं. ती उभी राहिली. तो बसला होता, ही उभी. मानेची शीर तटतटली, पायाला मुंग्या आल्या, ती उभीच. शेवटी बिबट्याने पुढचा पंजा उचलून जरा बाजूला ठेवला. मग उठला, अंग ताणलं, आणि पाणंदीत गेला. ती घरी आली, भारा उतरवला आणि मग मात्र ढसाढसा रडली. नवऱ्याला, सावळ्याला, तिने एवढंच सांगितलं, "वाट त्याची पन हाय, माझी पन हाय."

सावळ्या आता नाही. तो असता तर आज वाघ झाला असता. वाघबारशीला पाड्यातला एक जण वाघ होतो, राखेचे आणि कोळशाचे पट्टे ओढून. गुराखी काठी उगारून त्याला तीनदा विचारतो, आमच्या शिवारात येशील का? वाघाने तीनदा म्हणायचं, नाय येनार. मग सगळ्यांनी आरडाओरडा करत त्याला डोंगरापर्यंत पळवायचं. सावळ्या वीस वर्षं वाघ होता आणि एकनाथ गुराखी. सावळ्यानंतर पुतण्या व्हायचा. यंदा पुतण्याला कंपनीत सुट्टी नाही आणि पाड्यातले बाकीचे गडी बिल्डिंगच्या कामांवर. गुरंसुद्धा आता फक्त जेठीचीच दोन उरलीत.

दहा वाजता पांढरी गाडी आली. जयवंत साहेब उतरले, पाठोपाठ त्यांची बायको लतिका. साहेब बँकेत मोठ्या हुद्द्यावर. विरारला फ्लॅट, कोकणातलं घर भावाभावांत वाटलं गेलेलं, म्हणून निवृत्तीआधी इथे जमीन घेऊन हौसेने बंगला बांधलेला. वाईट माणूस नाही. दिवाळीला पाड्यात फराळ वाटतो. पण चांगल्या माणसाशी भांडायचं म्हणजे फार ताप होतो, बघा.

"अरे! मावशी बाहेर का बसल्या? एकनाथ, उघड, उघड. आज आमची वसुबारस, तुमची वाघबारस! मी मुद्दाम सुट्टी टाकलीय. सरप्राइज आहे तुमच्यासाठी. नाव नंतर लिहा, चला."

फाटक उघडलं. नाव न लिहिता जेठी आत गेली. मऊ हिरवळीवरून, जिथे वाट होती नेमक्या त्याच रेषेतून चालत गेली. साहेब फरशीवरून चालत होते.

बेहड्याखाली आल्यावर सगळ्यांचे पाय थांबले.

वाघोबाभोवती गुळगुळीत पांढऱ्या टाइल्स होत्या. वर लाल पत्र्याचं छप्पर. पुढे चकचकीत स्टीलचं जाळीदार दार आणि दाराला पितळी कुलूप. आत शेंदूर माखलेला दगड, डोक्यावर छोटा बल्ब.

"कसं वाटलं?" साहेबांचा चेहरा फुलला होता. "देव असा ऊनपावसात उघड्यावर, मला बघवेना. टाइल्स एकनाथनेच बसवल्या. आणि वर्षातून एकदा, वाघबारशीला, दहा ते अकरा तुमच्यासाठी फाटक उघडं. हा माझा शब्द."

रुक्मिणीने तोंडावर पदर धरला. एकनाथ झाडाकडे बघत होता.

"एक्या," जेठी म्हणाली. आवाज अगदी मऊ. "तुझ्या हातानं वाघाला पिंजऱ्यात घातलास?"

"पिंजरा काय, मावशी!" साहेब दुखावले. "माकडं येतात, कुत्री येतात. मूर्त्या चोरीला जातात हल्ली. सेफ्टी नको?"

"साहेब, आमचा वाघोबा बसून राहनारा देव नाय. डोंगरातून येतो, इथं जरा टेकतो, परत जातो. त्याच्या डोक्यावर छप्पर नसतं, पुढं दार नसतं. त्याला कुलूप लावलंत तर तो बाहेरच्या बाहेर फिरंल. मग आमच्या गुरांना कोन राखंल?"

"अहो, पण भावना समजून घ्या ना! एवढा खर्च केला मी."

"तुमची भावना चांगली हाय. कुलूप वाईट हाय."

लतिका पुढे आली. ती म्हणाली, "अहो, उघडा ना ते आधी. त्यांना पूजा तरी करू द्या." साहेबांनी मान हलवली. एकनाथने किल्ल्यांचा जुडगा काढून दार उघडलं.

जेठीने नव्या भाताची मूठ टाइल्सवर ठेवली नाही. बाहेर, बेहड्याच्या मुळाशी, मातीत ठेवली. नारळ तिथेच फोडला. मग कनवटीची पुडी सोडली. आत चुलीतली राख आणि कोळशाची भुकटी. दोन बोटं बुडवून तिने कपाळावरून गालापर्यंत पट्टे ओढले, मग हातांवर.

"गो बाय, तू वाघ?" रुक्मिणी किंचाळलीच. "बाईमानूस कदी वाघ झालाय?"

"गडी नाय तर कोन होनार? वाघीन नसते होय डोंगरात?" जेठीने पदर खोचला. "एक्या, काठी घे. इचार."

एकनाथने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मोबाइल काढला होता, कौतुकाने शूटिंग करत होते. एकनाथने झाडूची काठी उचलली आणि पुटपुटला, "आमच्या शिवारात येशील का?"

बायांनी ओठ दाबून धरले. या प्रश्नाला एकच उत्तर असतं, बापजाद्यांपासून चालत आलेलं.

"येनार," जेठी म्हणाली.

मोबाइल खाली आला. एकनाथचा आ वासला. "वयनी, चुकलीस तू. नाय येनार म्हनायचं."

"मी चुकली नाय. तू परत इचार."

"आमच्या शिवारात... येशील का?"

"येनार."

आता एकनाथने काठी नीट धरली. भावजयीच्या तोंडाकडे बघितलं, त्या पट्ट्यांत त्याला सावळ्या दिसला असावा. त्याचा आवाज एकदम मोकळा झाला, पूर्वी डोंगरात गुरांना हाळी द्यायचा तसा. "आमच्या शिवारात येशील का?"

"येनार! रोज येनार! सकाळी विळा घेऊन येनार, दुपारी भारा घेऊन येनार. कुनाला इचारून येनार नाय, वहीत नाव लिहून येनार नाय. माझी वाट हाय, मी येनार!"

वाघ असं म्हणाला तर काय करायचं, ते कोणीच सांगून ठेवलेलं नाही.  एकनाथने काठी टाकली, वाकून जाळीदार दार दोन हातांनी बिजागऱ्यांतून वर उचललं आणि ते अख्खं काढून भिंतीला टेकवून ठेवलं. बसवलं त्यानेच होतं, कसं निघतं ते त्याला ठाऊक होतं.

"एकनाथ! काय चाललंय हे?" साहेब ओरडले.

एकनाथने डोंगराच्या अंगाचं मागचं फाटक सताड उघडलं, परत आला आणि किल्ल्यांचा जुडगा साहेबांच्या हातात दिला. खिशाचं पेनही दिलं. "साहेब, तुमचे लई उपकार झाले. पन आजपासून दुसरा मानूस बगा." आणि रुक्मिणीच्या कमरेचा जादा विळा उचलून तो बायांच्या मागे डोंगराला लागला. महिन्याच्या साडेचार हजारांवर पाणी सोडलं बघा त्याने, आणि वर शिटी वाजवत निघाला, गाढव!

दुपारभर गवत कापलं. एकनाथचा हात बसायला वेळ लागला, बायांनी त्याची मनसोक्त टर उडवली. तीन वाजता सात भारे बांधून सगळे उतरले. खाली रस्त्याला युजीनचा टेम्पो उभा राहिलेला वरूनच दिसत होता.

मागच्या फाटकाला आतून कुलूप होतं.

फाटकाच्या आत, पडवीत, साहेब आरामखुर्चीत बसले होते. पायावर पाय, मांडीवर वर्तमानपत्र. किल्ल्यांचा जुडगा शेजारच्या टेबलावर. त्यांनी वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं.

"खाणीवरून जा," ते म्हणाले. "हे बघा मावशी, मला भांडायचं नाही. पण उद्या कोणीही उठून आत येईल. मला माझी प्रॉपर्टी सांभाळायला नको?"

"जाऊया गो," रुक्मिणी कळवळून म्हणाली. "टेम्पो जाईल."

"तुमी जा. भारे उतरवा नायतर खानीवरनं जा. मी हितंच हाय."

जेठी भारा घेऊन फाटकासमोर उभी राहिली. भारा उतरवला नाही, गजाला टेकली नाही. घामाने कोळशाचे पट्टे गळ्यापर्यंत ओघळले होते. वय बासष्ट.  आतून लतिकाने पाण्याचा तांब्या आणून गजांतून पुढे केला, तेव्हा जेठी मान न हलवता म्हणाली, "फाटक उघडल्यावर पिईन, बाई." लतिका नवऱ्याकडे बघत राहिली, मग तांब्या हातात घेऊन तिथेच फाटकाशी बसली.

एकनाथ जेठीच्या डाव्या हाताला येऊन उभा राहिला, भाऱ्यासकट. मग रुक्मिणी आली. कोणीच खाणीकडे गेलं नाही. खाली युजीनने दोनदा हॉर्न दिला आणि मग इंजिन बंद केलं.

ऊन फाटकावरून सरकत पडवीत आलं, साहेबांच्या तोंडावर. वर्तमानपत्राचं पान बराच वेळ उलटलं नव्हतं. जेठीच्या मानेची शीर तटतटली होती, पायाला मुंग्या आल्या होत्या. तिची नजर खुर्चीवर होती.

साहेबांनी वरचा पाय उचलला आणि जरा बाजूला ठेवला.

जेठीने भारा डोक्यावर नीट केला.