मगरीशिवाय वाच

उमेळ्यात चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून एक जाडजूड पुस्तक खाली आलं आणि रिक्षाच्या टपावर आदळलं. रिक्षावाल्याला वाटलं, नारळ.

गोखिवऱ्याच्या संपदाबाईंची फोडणी जळली. मोहरी तडतडून गप्प झाली तरी त्या कढईपाशी उभ्याच.

‘हा लेखक नाही, खाटीक आहे.’

घराएवढी एक मगर. तिच्या पाठीवर म्हातारा. दोघं पश्चिमेकडे.

भुईगावात पास्कलकाकांनी मोठी किटली राखेने लख्ख घासली.

*

यातलं पहिलं, दुसरं, तिसरं आणि पाचवं एकाच पानामुळे घडलं. चौथं घडलंच नाही. ते सँड्राने रचलं. म्हणून गोष्ट सँड्राची.

सँड्रा शाळेत भूगोल शिकवते आणि भुईगावात आईजवळ राहते. तिचा धाकटा भाऊ ज्युड गोखिवऱ्याला फ्लॅट घेऊन राहतो. दिवसा कारखान्याचं ऑफिस सांभाळतो, उरलेल्या वेळात ‘खारराज्य’ लिहितो. मिठाच्या राण्या, बोलणारी खारफुटी, भरतीच्या पोटात लपलेली शहरं, असं सगळं. पाच भाग झाले होते. वसई-विरारमध्ये त्याला वेडे वाचक आहेत, त्यांचा फोनवर ग्रुप आहे, आणि सहावा भाग त्यांना दोन वर्षं थांबवून आला. इतका जाड, की कुरियरवाल्याने सँड्राला विचारलं, “मॅडम, टाइल्स मागवल्यात का?”

ग्रुपचा जीव अडकला होता बोनू नाखव्यात. पहिल्या भागाच्या शेवटी हा म्हातारा गलबत घेऊन धुक्यात गेला तो गेलाच. खारराज्यात माणूस बुडाला की त्याचं वल्हं किनाऱ्यावर जाळतात. बोनूच्या बायकोने पाचव्या भागापर्यंत ते जाळू दिलं नव्हतं. दाराला आडवं लावून ती ठाम बसली होती.

पान सहाशे बारा. बोनू काळ्या खडकाशी सापडतो. बायको ओळखते. वल्हं जाळते. अडीच ओळी. बाकी पानभर दरबारात मिठाच्या भावावर चर्चा.

संकेत, विरार: ‘दोन वर्षं थांबवून अडीच ओळी?? हा लेखक नाही, खाटीक आहे.’
संपदा, गोखिवरे: ‘मी चार वेळा वाचलं. मला वाटलं माझंच पान चुकीचं छापलंय.’
श्रीरंग, उमेळे: ‘पुस्तक गॅलरीतून फेकलं. आता खाली जाऊन आणतो. पुढे काय होतं ते तरी कळू दे.’

*

भुईगावात मात्र बोनू कोण हे सांगावं लागत नव्हतं.

सॅन्टन, सँड्राचा आणि ज्युडचा डॅडी, जहाजावर फिटर होता. अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी डेकवर दिसला नाही. घरी फोन आला. माणूस आला नाही, मयत आलं नाही. त्यांच्या आईने, रिटाने, फोन ठेवला आणि म्हणाली, “एवढा मोठा समुद्र. उतरला असेल कुठेतरी.” तेव्हापासून दर वर्षी त्याच्या वाढदिवसाला ती चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेसाठी हेतू द्यायची: सॅन्टन सुखरूप परत यावा म्हणून. जिवंतांसाठी देतात तसा. फादर बदलत गेले, हेतू बदलला नाही. तिला समजवायची एकाही फादरची छाती झाली नाही.

गावात मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी किटली भरून चहा आणि पाव घेऊन येतात. फोन आला त्या दिवशी पास्कलकाका, पलीकडच्या वाडीतले, सॅन्टनचे जिवलग, किटली घेऊन आले होते. रिटाने त्यांना फाटकातूनच भरल्या किटलीसकट परत पाठवलं. “माझ्याकडे चहापत्ती आहे,” म्हणाली.

रिटाला आता बारीक अक्षर दिसत नाही. ‘खारराज्य’ तिला सँड्राच वाचून दाखवते. ज्युडने आधीच फोन केला होता.

“सहाशे बारा जरा जपून हां.”

“तू ये की वाचायला. कादंबरी तुझी.”

“मी लिहिलं ना! अर्धं काम मी केलं.”

सँड्रा त्या पानावर आली. आई समोर बसून मोगरा ओवत होती. सँड्राने तोंड उघडलं, आणि तोंडातून निघाली मगर. घराएवढी खारमगर बुडबुडत वर आली, बोनूला अलगद पाठीवर घेतलं आणि पश्चिमेकडे निघाली.

“बघ,” रिटा म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळला, की सँड्राने पान उलटून टाकलं. “मी म्हणत होते की नाही.”

एकदा पाळली म्हणजे मगर पोसावी लागते. पुढची दोनशे पानं सँड्रा तिला खायला घालत होती. मध्येच रिटा विचारायची, “मगर दमली नाही का गं?” आणि सँड्रा तिला एखाद्या बेटावर विसावा द्यायची.

*

शनिवार. शाळा अर्धी. सँड्राने फाटकाबाहेर स्कूटर लावली आणि अंगणात तिला पाठी दिसल्या. पास्कलकाकांची, शेजारच्या एलिनाची, तिच्या नवऱ्याची, म्हणजे रॉकीची. काकांच्या हातात किटली. एलिनाच्या हातात पावांची पिशवी. तिघंही ‘खारराज्य’वाले. तिघांनी सकाळी ठरवलं होतं, की लेखक गोखिवऱ्याला लपलाय तर बोनूच्या दुखवट्याला त्याच्या आईकडे जाऊन बसू. थोडी गंमत, थोडं खरं. रिटा तर पहिली वाचक. तिला कधीच कळलं असणार.

रिटा ओट्यावर कोळंबी सोलत होती. तिची नजर किटलीवर होती.

“रिटा,” पास्कलकाका घसा साफ करून म्हणाले, “फार वाईट झालं गं.”

रिटाच्या हातातली कोळंबी तशीच राहिली.

“कुठे मिळाला?”

“काळ्या खडकाजवळ.”

“कोणी ओळखला?”

सँड्रा फाटक ढकलत होती. कडी अडकली होती, निघत नव्हती.

“बायकोने,” काकांचा आवाज आता खरंच भरून आला होता. “पायाच्या वाकड्या करंगळीवरून.”

सॅन्टनची डाव्या पायाची करंगळी वाकडी होती. ज्युडने ती उचलून बोनूला दिली होती. रिटा उठली. कोळंबीचं ताट पालथं झालं.

“मी कुठे ओळखला?” ती म्हणाली. “मी तर इथे आहे. मला कोणी बोलावलंच नाही.”

पास्कलकाकांचं तोंड उघडं होतं. किटलीच्या चोचीतून चहा त्यांच्याच चपलेवर गळत होता.

“मम्मी!” सँड्रा पोचली, तिने आईचे खांदे धरले. “पुस्तकातलं! पुस्तकातलं सांगतायत ते. बोनू. बोनू नाखवा.”

“बोनू तर मगरीवर बसून गेला.”

“कुठली मगर?” रॉकी म्हणाला. “पुस्तकात मगर नाहीच आहे.”

एलिनाने त्याला कोपर मारलं. उशीर झाला होता. रिटाने आधी रॉकीकडे पाहिलं, मग सँड्राकडे. सँड्राला वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

“पुस्तक आण.”

“मम्मी, नको. मी तुला नंतर...”

“वाच. मगरीशिवाय वाच.”

*

पान सहाशे बारा. मिठाचा भाव वाढवावा की नाही यावर दरबारात सकाळपासून वाद चालू होता. त्याच सकाळी काळ्या खडकाशी बोनू सापडला. बायकोने त्याला करंगळीवरून ओळखलं. मग घरी येऊन तिने दाराचं वल्हं काढलं आणि पेटवलं. जाताना त्याने जसं सगळं जागच्या जागी आवरून ठेवलं होतं, तशीच तिने राखही आवरली. प्रधान म्हणाला, भाव वाढवल्याशिवाय गत्यंतर नाही.

*

सँड्राने पुस्तक मिटलं. एलिना उघड रडत होती. रॉकी कोळंबी गोळा करत होता, तेवढंच त्याला सुचलं.

“हा भाग खोटा आहे,” रिटा म्हणाली.

“होय, मम्मी. कादंबरीच आहे ती.”

“वल्ह्याचं नाही म्हणत. आवरून ठेवलं म्हणे! कधी ठेवलं तुझ्या डॅडीने आवरून?” तिने पदराने नाक पुसलं. “ज्युड लहान होता का तेव्हा? काही दिसायचं नाही त्याला?”

पास्कलकाका किटली पाठीमागे लपवत फाटकाकडे वळले. “आम्ही येतो, रिटा. आमचं चुकलं. आम्हाला वाटलं, तुला...”

“पास्कल.”

ते थांबले.

“त्यात चहा आहे ना?”

“आहे.”

“मग ओत की.”

कोणालाच काही समजलं नाही. सँड्राला समजलं. काकांनी कपावर किटली वाकवली ती अशी, की अर्धा चहा बशीत गेला. रिटाने बशीतला आधी प्यायला. मग पावाचा तुकडा मोडला, बुडवला आणि हळूहळू खाल्ला. त्या घरात तो चहा पहिल्यांदाच प्यायला जात होता. काका ओट्याखाली जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

“थंड झालाय,” रिटा म्हणाली. “अकरा वर्षं फिरवलास तर होणारच.”

सँड्राने ज्युडला फोन लावला. तो पहिल्याच रिंगला बोलला, ग्रुपवरच्या शिव्यांनी आधीच रडकुंडीला आला होता.

“आणखी कोण चिडलंय?”

“मम्मीने चहा प्यायला. पास्कलकाकांच्या किटलीतला.”

ज्युड म्हणाला, “मी निघतो,” आणि चप्पल शोधत असल्याचा आवाज आला.

*

रविवारी मिस्साच्या आधी हेतू वाचले गेले. एका बाळाच्या तब्येतीसाठी. दोघांच्या लग्नाच्या वाढदिवसानिमित्त. मग: सॅन्टन यांच्या आत्म्यास चिरशांती मिळावी म्हणून, पत्नी रिटा आणि मुलांकडून. सगळ्या बाकांवरच्या माना एकदम वळल्या. रिटा समोर बघत होती. तिच्या एका बाजूला सँड्रा होती, दुसऱ्या बाजूला ज्युड, आणि दोघांचे हात तिने मांडीवर घट्ट धरून ठेवले होते.

*

जहाजावर जायला निघाला त्या सकाळी सॅन्टनने केळींना पाणी सोडलं आणि पंप बंद करायला विसरला.