तासभर गप्प

मामांचा गळा हेच त्यांचं दुकान. भाजीबाजारात लिलाव पुकारण्यात त्यांचा जन्म गेला आणि घरी येऊन जेवताना मीठही ते त्याच पट्टीत मागत. नेमकी गळ्यातच गाठ निघाली. जागच्या जागी असेल तर कापू, पसरली असेल तर हात लावण्यात अर्थ नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. ते कळावं म्हणून पेट स्कॅन.

तपासणीच्या खोलीतल्या मुलीने शिशाच्या जड डब्यातून इंजेक्शन काढलं.

"ही किरणं सोडणारी साखर. कॅन्सरच्या पेशी हावरट, त्या ती जास्त ओढतात. मग चित्रात तिथे उजेड दिसतो."

"घरी चहात साखरेचा कण मिळत नाही," मामा म्हणाले, "तुम्ही थेट शिरेतच घाला. फक्त हिला कळू देऊ नका."

"इथेच उभी आहे मी," मामी म्हणाली.

"आता तासभर बोलायचं नाही हं, आजोबा. बोललात तर गळ्याचे स्नायू साखर ओढतील आणि उगाच उजेड दिसेल."

"पोरी, माझ्या लग्नाच्या वेळी कुठे होतीस तू?"

आम्हा दोघांना बाहेर काढलं. मधे काच होती. मामा पांघरुणात निपचित पडले. ओठसुद्धा हलला नाही.

"बघ, कसे शहाण्यासारखे पडलेत," मामी मला कौतुकाने म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. गळ्यात उजेड होता. तो तिथेच थांबला असता तर बरं झालं असतं.

"हे बोलले असणार," मामी म्हणाली. "यांना राहवत नाही. परत काढा."

"आजी, गळ्याचं सोडा. यकृतात आहे, मणक्यांत आहे."

"यांचं काही सांगू नका. हे मनातल्या मनातसुद्धा ओरडून बोलतात."

कुणीच हसलं नाही. मामी मामांकडे वळली.

"बोललात ना तुम्ही?"

मामा पडद्याकडे बघत राहिले.

"सांगा ना हो. बोललात ना?"

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिचा आवाज रडवेला झाला. तिसऱ्या पुकाराला सौदा मिटवायचा, एवढं मामांच्या अंगात मुरलेलं होतं.

"बोललो," ते हळूच म्हणाले. "थोडंसं."

"बघा," मामी डॉक्टरीणबाईंना म्हणाली.

काल तासभर काचेला नाक लावून तीच उभी होती.