आवाज जाण्याआधी

बाबा बसस्थानकात घोषणा करायचे आणि तो त्याच स्थानकातून सुटणारी बस चालवायचा. "फलाट क्रमांक तीनवरची गाडी आता सुटत आहे," असं बाबा भोंग्यातून सांगायचे. ती गाडी आपला मुलगा चालवतोय, याचा मागमूसही त्या आवाजात नसायचा. समोरासमोर आले की ते भिंतीकडे बघत निघून जायचे. मुलाशी त्यांनी अबोला धरला त्याला कित्येक वर्षं झाली होती. संपाच्या वेळी त्याच्या बायकोच्या पोटात असलेली मुलगी आता दोन वेण्या घालून शाळेत जात होती, आणि आजोबांचा आवाज तिला फक्त भोंग्यातूनच ठाऊक होता.

अबोल्याचं कारण तो संपच. बायकोचे दिवस भरत आलेले असताना साहेबांनी त्याला बोलावून सांगितलं, "आज गाडी काढली नाहीस तर उद्या येऊच नकोस." त्यानं गाडी काढली. फाटकात सगळे कामगार उभे होते आणि सर्वांच्या पुढे बाबा. ते हलले नाहीत. शेवटच्या क्षणी आगाराच्या मिस्त्रीनं, बाबांच्या लहानपणापासूनच्या दोस्तानं, त्यांना दंडाला धरून बाजूला ओढलं. त्याच्या गाडीमागोमाग दुसरी निघाली, मग तिसरी. संप मोडला. संपाचा ठपका येऊन मिस्त्रीची नोकरी गेली आणि तो बायकापोरांना घेऊन गाव सोडून गेला.

बाबांचा आवाज बसला तेव्हा सगळ्यांना वाटलं, सर्दी असेल. निघाला घशाचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, पण पुन्हा बोलता येणार नाही.

हे त्याला ताईनं सांगितलं. ती दोघांच्या मधली एकुलती एक खिडकी होती. ऑपरेशनच्या दिवसाची रजा त्यानं टाकली होती. आदल्या दिवशी ड्यूटी संपली की जाऊन पाय धरायचे, काय वाट्टेल ते ऐकून घ्यायचं, पण एकदा तरी त्यांना बोलतं करायचं, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. आणि नेमकं त्या आदल्याच दिवशी, गाडी अर्ध्या वाटेवर असताना, ताईचा फोन आला. "ऑपरेशनला आजच नेतायत. दुपारीच. तू कुठं आहेस?"

कंडक्टरला सगळे 'पाचमिंट' म्हणायचे, कारण गाडी कितीही रखडली तरी तो प्रवाशांना पाचच मिनिटं सांगायचा. त्यानं फोनवरचं बोलणं ऐकलं होतं. पुढच्या थांब्यावर गाडी उभी राहिली तसा तो केबिनपाशी आला.

"जा तू. आगारातून दुसरा ड्रायव्हर मागवतो."

"नोकरीवर बेतेल रे."

"बापापेक्षा साहेब मोठा झाला का? जा म्हणतो ना."

चावी कंडक्टरच्या हातात देऊन तो उतरला. मागून पाचमिंटचा आवाज आला, "पाच मिनिटं हं मंडळी, पाचच मिनिटं!" रस्त्यात उभं राहून त्यानं दिसेल त्या गाडीला हात केला. शेवटी एका दूधवाल्या टेम्पोनं घेतलं. प्रत्येक वळणावर त्याचा पाय रिकाम्या पत्र्यावर ब्रेक दाबत होता.

वॉर्डात पोहोचला तेव्हा बाबांना हिरवा झगा घातलेला होता. ताई त्यांचा चष्मा रुमालात गुंडाळत होती. बाबांनी त्याला पाहिलं आणि कूस बदलली.

"बाबा." तो खाटेपाशी खाली बसला. "शिव्या द्या, पण बोला."

वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला.

"आता तरी राग सोडा हो," ताईचा आवाज चिरकला.

बाबांनी तिच्याकडे बघून खरखरत विचारलं, "त्याची गाडी कुठंय?"

"वाटेत सोडली," तोच बोलला. "दुसरा ड्रायव्हर येतोय. बाबा, मला एवढंच सांगायचं होतं, त्या दिवशी फाटकात माझा पाय ब्रेकवरच होता. मिस्त्रीकाकांनी ओढलं नसतं तरी मी थांबलो असतो. देवाशपथ थांबलो असतो."

बाबांना उचलून स्ट्रेचरवर ठेवलं. तो स्ट्रेचरची दांडी धरून सोबत चालत राहिला. "थांबलो असतो ना, बाबा? एकदा हो म्हणा. मनात नसलं तरी म्हणा."

ऑपरेशन थिएटरच्या दारात बाबांनी मान वळवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"नसतास," ते म्हणाले.

दार बंद झालं.

बाकावर ताई बराच वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "बोलले तरी," ती म्हणाली.

"हे बोलण्यासाठी?" तो म्हणाला, आणि आजूबाजूला लोक बसलेले असताना ओंजळीत तोंड लपवून हमसून हमसून रडला. रडता रडता त्याला कळत होतं, की बाबा खोटं बोलले नव्हते. त्या सकाळी पाय ब्रेकवर होता की नाही, हे त्याला स्वतःलाच आठवत नव्हतं. इतकी वर्षं तो स्वतःचीच समजूत घालत आला होता.

ताई म्हणाली, घरी जा, बायको वाट बघत असेल. तो गेला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला आत सोडलं. बाबांच्या गळ्याला पट्ट्या होत्या आणि मधल्या नळीतून श्वासाची घरघर येत होती. तो पायथ्याशीच उभा राहिला. जवळ जायचं धाडस होईना.

"बाबा, मला आठवत नाही," तो म्हणाला. "खरंच आठवत नाही. कदाचित नसतो थांबलो."

बाबांनी बोट हलवून त्याला जवळ बोलावलं. तो उशाशी वाकला. त्यांचे ओठ हलायला लागले. एक शब्द नव्हता तो, बरंच काही होतं. ओठ थांबत होते, पुन्हा हलत होते, कपाळावर आठ्या पडत होत्या. आवाज मात्र अजिबात नव्हता.

"काय म्हणालात? बाबा, पुन्हा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं. त्याला एक अक्षर कळलं नाही. शिव्या आहेत, की मिस्त्रीबद्दल काही आहे, की आणखी काही, काहीच कळेना. त्यानं ताईकडे पाहिलं. तिनंही नकारार्थी मान हलवली. चिडून बाबांनी त्याचं मनगट पकडलं, नखं रुतेपर्यंत घट्ट, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"सावकाश," तो त्यांच्या ओठांवर नजर रोवून म्हणाला. "मी इथंच आहे. परत सांगा."