पुलावरची चार मिनिटं

ती एका लॅबमध्ये कृत्रिम दात घडवायची. मेणाचा दात कोरायचा, दाढेचे खळगे पाडायचे, कडा जुळवायच्या. जरा हात हलला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. बारा वर्षं तिच्या हाताला कुणी नाव ठेवलं नव्हतं. पण स्कूटर आली आणि सकाळी अकरापर्यंत तिची बोटं थरथरत राहायला लागली. कोरणी घसरायची, मेण फुकट जायचं. "चहा जास्त झाला आज," असं ती शेजारच्या टेबलावरच्या बाईला सांगायची.

स्कूटर नवऱ्याने हौसेने घेतली होती. बसला सव्वा तास, स्कूटरला पस्तीस मिनिटं. "रोजचा तास-सव्वा तास वाचेल तुझा," तो म्हणाला होता, आणि तो वाचलाही. पण त्या पस्तीस मिनिटांतली चार मिनिटं पुलावरची होती.

पूल लांब आणि उंच होता, कडेला जेमतेम कमरेएवढा कठडा. मागून ट्रक आला की आरशात आधी त्याची समोरची जाळी दिसायची, मग नुसता काळोख भरायचा. दोन महिन्यांपूर्वी एका ट्रकची सुटलेली ताडपत्री तिच्या खांद्याला फटका मारून गेली होती. ती पडली नाही, साधं खरचटलंही नाही. मग घरी सांगायचं तरी काय? तेव्हापासून रविवारी दुपारीच ती सोमवारच्या पुलाचा विचार करत बसायची. "हल्ली लवकर येतेस, तरी चिडचिड कसली गं?" नवरा विचारायचा. ती विषय बदलायची.

एका बुधवारी नणंदेची तोंडी परीक्षा होती. ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिची बस चुकली होती. "वहिनी, सोडतेस ना मला? तुझ्याच वाटेवर आहे."

तिने दुसरं हेल्मेट काढून नणंदेच्या हातात दिलं.

पूल चढेपर्यंत नणंद मागे बसून औषधांची नावं घोकत होती. मध्यावर डावीकडून वारा आला आणि त्याच क्षणी उजवीकडे एक टँकर येऊन त्यांच्या बरोबरीने चालायला लागला. त्याचं चाक तिच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर फिरत होतं. आपण एकट्या नाही, मागे दुसऱ्याची लेक बसली आहे, एवढंच तिच्या डोक्यात आलं. तिने ब्रेक दाबला. स्कूटर कठड्याला घासत थांबली.

"वहिनी, इथे का थांबलीस?"

तिची बोटं ब्रेकवर आवळलेलीच होती. मागून हॉर्न वाजत होते. प्रत्येक गाडीसरशी पायाखालचा पूल हलत होता.

नणंद उतरून पुढे आली. वहिनीचे ओठ पांढरे पडले होते. "इंजिन बंद कर," ती हळूच म्हणाली. वहिनीला ते होईना. मग नणंदेने स्वतःच किल्ली फिरवली, आणि ब्रेकवरून वहिनीचं एकेक बोट सोडवलं.

"मला नाही जमणार पुढे," वहिनी म्हणाली.

"नको चालवूस. ढकलत नेऊ."

वहिनीने हँडल धरलं. नणंद मागे राहून आपली लाल पिशवी हलवत गाड्यांना बाजूने जायला खुणावत होती. पूल उतरायला वीस मिनिटं लागली. नणंद परीक्षेला उशिरा पोचली, पण परीक्षक बाईंनी तिला सगळ्यांत शेवटी घेतलं.

संध्याकाळी घरी बोलणं झालंच.

"मला का नाही सांगितलंस?" नवऱ्याने विचारलं.

"काय सांगणार होते? पडले नाही, लागलं नाही."

तो म्हणाला, "चार दिवस जाऊ देत. सवय होईल."

"दादा, तिची बोटं मी सोडवलीत ब्रेकवरून," नणंद म्हणाली. "सवय व्हायची असती तर एव्हाना झाली असती."

दुसऱ्या दिवसापासून ती बसने जायला लागली. उभं राहावं लागायचं, कुणाचं तरी कोपर बरगडीत रुतायचं, कंडक्टर खेकसायचा. लॅबमध्ये ती वैतागून पोचायची, पण नुसती वैतागून. पहिल्याच आठवड्यात तिने सकाळी दहाच्या आत एक अवघड दाढ पुरी केली.

स्कूटर पडून कशाला राहायची, म्हणून नवरा ती नेऊ लागला. आणि भीती पुन्हा आली, आता त्याच्यासाठी. बस पुलावर चढली की ती खिडकीतून प्रत्येक हेल्मेट बघायची. शेवटी तिने त्याला स्पष्ट सांगितलं, "पूल उतरलास की फोन करत जा." तो हसला, पण करायचा.

एके सकाळी फोन आला नाही. तिने पाच वेळा लावला. रिंग वाजत राहिली. ती पुलाच्या टोकाच्या थांब्यावर उतरली, आल्या दिशेने चालायला लागली. 

तो पुलाच्या उताराला रस्त्याकडेला बसला होता. स्कूटर शेजारी उभी होती, धडधाकट. तोही धडधाकट होता. पण हेल्मेट मांडीवर घेऊन तो नुसता समोर बघत होता.

"लागलंय का कुठे?"

"नाही." त्याने तिच्याकडे पाहिलं. "एक डंपर होता. काही झालं नाही गं. काहीच झालं नाही."

ती त्याच्या शेजारी मातीत बसली. त्याला कामाला उशीर होत होता, तिलाही. दोघांपैकी कुणीच उठलं नाही. मग तो म्हणाला, "तू हे दोन महिने कसं केलंस?"

तिने त्याच्या मांडीवरचं हेल्मेट काढून घेतलं. पुढच्या सोमवारी ते दोघे एकाच बसमध्ये उभे होते. तो गर्दीला शिव्या घालत होता आणि ती त्याला खांद्याने जागा करून देत होती.