पाच फूट सात इंच

आरोग्य पाहणीसाठी मिरजगावातली घरं मी निवडली नव्हती. यादी वरूनच आली होती. त्यात केशरबाईंचं घर निघालं, तेव्हा मी मनातल्या मनात पेढे वाटले.

सात वर्षांपूर्वी हीच मंडळी मला बघायला सावेडीला आली होती. पोहे खाऊन झाल्यावर केशरबाईंनी मला चपला काढून दाराच्या चौकटीशी उभं केलं आणि चक्क वितीनं मोजलं. "आमचा अमृत पाच फूट सात हाय," त्या म्हणाल्या. "ही बुटकी त्याच्याशेजारी शोभायची न्हाई." माझे वडील मान खाली घालून पोह्यांच्या बशा उचलायला लागले. त्यांचा तो चेहरा मी विसरलेली नाही.

केशरबाईंनी मला ओळखलं नाही. मोजपट्टी ओट्यावर उभी केली तशा शेजारणी अंगणात जमल्या. मोजताना बाहेरचं कुणी नको, असा आमचा नियम आहे. मी कुणालाही उठवलं नाही. नोकरी गेली तरी बेहत्तर.

अमृतला चपला काढायला लावल्या. चांगल्या जाड तळाच्या होत्या. आकडा मी मोठ्यानं वाचायचा आणि माझ्या जोडीदारणीनं, अफ्रीननं, तो तसाच परत म्हणून मग लिहायचा, ही आमची पद्धत.

"एकशे एकसष्ट पॉइंट चार," मी वाचलं. अफ्रीननं तेच म्हटलं.

फुटात किती, असं एका शेजारणीनं विचारलं. पाच फूट साडेतीन इंच, हे मी अगदी आनंदानं सांगितलं. अंगणात पदर तोंडाला लागले. केशरबाई म्हणाल्या, पट्टीच खोटी आहे.

मग त्यांची सून पूजा आली. हौसेनं शोधून आणलेली उंच मुलगी. पण चालत होती खांदे पाडून. मी तिला सरळ उभं राहायला सांगितलं.

"लग्न झाल्यापासनं वाकूनच चालायला लावलंय," ती हळूच म्हणाली. "ह्यांच्यापरीस उंच दिसू नये म्हनून."

मला त्या घराचा नव्यानं संताप आला. सरळ, मी पुन्हा म्हणाले. ती ताठ झाली.

"एकशे चौसष्ट."

आता कुणी हसलं नाही. अमृत पुरे म्हणाला. केशरबाईंनी तिला आत जायला फर्मावलं. पूजा जागची हलली नाही.

"ताई, अजून एकदा वाचा," ती म्हणाली. "जरा मोठ्यानं."

मी वाचला. अफ्रीनच्या आधी पूजानंच तो आकडा म्हटला, पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा.