दोन गोण्यांमधला शंख

मी दगड झालेला एक शंख बोलतोय. कोट्यवधी वर्षांपूर्वी मी तळ्यात रांगणारा जीव होतो. तळं आटलं, वर लाव्हा पसरला आणि वणीजवळच्या नाल्याच्या काठात, पांढऱ्या मातीच्या थरात मी थिजून राहिलो.

१९५८ च्या हिवाळ्यात नजीर साहेब आले. जमिनीचे थर तपासून नकाशा काढणं हे त्यांचं काम. ते म्हणायचे, "हे शंख जिथं पहिल्यांदा दिसतील, तिथं जुना काळ संपला न् नवा लागला." म्हणजे दोन काळांमधली सीमा आम्ही दाखवणार!

वरच्या पांढऱ्या थरातले दगड, त्यांत मी, लाल दोऱ्याच्या गोणीत; खालच्या थरातले साध्या गोणीत. थर कुठला ते सांगणाऱ्या चिठ्ठ्या गोण्यांनाच बांधलेल्या. दोन्ही गोण्या नेमसिंगच्या बैलावर लादल्या. नेमसिंग लमाण, त्याचे वाडवडील बैलांवर मीठ लादून गावोगाव हिंडलेले. वाटेत ओझं एका बाजूला कललं. बैलाची पाठ सोलून निघू नये म्हणून त्यानं सवयीनं लाल दोऱ्याच्या जड गोणीतले दगड साध्या गोणीत टाकले. त्यांत मीही गेलो.

तंबूत साहेबांनी मला साध्या गोणीतून काढलं आणि उडालेच. "अरे, शंख इतक्या खाली!" त्यांनी नकाशावरची सीमेची रेघ खोडली आणि खाली ओढली. नेमसिंगचा चेहरा उतरला, पण तो गप्प राहिला. मीही गप्प. मला तोंड नाही, हे खरं. पण खोटं कशाला बोलू? सगळ्या शंखांत जुना ठरलो म्हणून मला आतून बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेब नकाशा पाकिटात घालू लागले, तेव्हा नेमसिंग पुढं झाला.

"साहेब, तो शंख खालचा नोहे. मीच टाकला. बैलाच्या पाठीले लागून राह्यलं होतं."

"काल काहून नाही बोलला?"

"तुमी लय खुश होते."

"आणखी किती दगड बदलले?"

"आठ-दहा. शंख ध्यानात राह्यला, बाकी कोणते, आठवत नाही."

साहेब कोरडं हसले. "तुह्या बैलाची पाठ वाचली, माह्या नकाशाची मोडली! पण चिठ्ठी दगडाले बांधाची असते, गोणीले नाही. चूक माहीबी हाय."

त्यांनी नकाशा फाडला, दोन्ही गोण्या रिकाम्या केल्या. पाहणीची मुदत संपली होती. काम अर्धवट टाकून ते गेले. मला नेमसिंगनं उचलून घरी आणलं.

आता सहा वर्षं मी त्याच्या गोठ्यातल्या कोनाड्यात आहे. त्याची बायको मानीबाई म्हणते, "टाकून द्या ना तो गोटा!"

"टाकू कुठं? त्याची जागाच म्या हरवली."

एकदा तो मला घेऊन नाल्यावर गेलाही. पांढऱ्या थरापुढं बराच वेळ उभा राहिला. माझी खाच कुठली, ते सापडेना. मला खिशात घालून परतला.

जागा सुटली की माझ्या साक्षीला किंमत नाही. कधी तुमच्या हाती पडलो, तर हवं तर मला मुलांना खेळायला द्या. पण माझ्यावरून कुठलीही रेघ ओढू नका. एक ओढताना मी पाहिली आहे, आणि तेव्हा मी खूश होतो.